शून्यातून न जाणारी धारा

एसी ब्रेकरला निसर्गाने एक मोठी सवलत दिलेली आहे. आपल्याकडच्या 50 हर्ट्झच्या विजेत धारा दर सेकंदाला शंभर वेळा, म्हणजे दर 10 मिलिसेकंदांनी एकदा, शून्यावर येते. शॉर्टसर्किट होते, रिले हुकूम देतो, ब्रेकरचे संपर्क एकमेकांपासून दूर जातात आणि त्यांच्यामध्ये आर्क पेटतो. हा आर्क विझवायला ब्रेकरला धारेशी झुंजावे लागत नाही. पुढचे शून्य येईपर्यंत तग धरायचा आणि ते आले की संपर्कांमधली फट पुन्हा विद्युतदाब सोसू शकेल एवढे पाहायचे, इतकेच त्याचे काम. तेल, दाबाखालची हवा, एसएफ-6 वायू, निर्वात नळी ही सगळी त्या एका क्षणाचा नीट उपयोग करून घेण्याची साधने आहेत. शंभर-सव्वाशे वर्षांचे ब्रेकरशास्त्र या सवलतीवर उभे आहे, आणि ती इतकी अंगवळणी पडली आहे की ती सवलत आहे हेच विसरायला होते.

डीसीत हे शून्य येत नाही. संपर्क उघडले तरी आर्कमधून धारा वाहतच राहते. तिला शून्यावर आणायचे तर ते काम ब्रेकरलाच करावे लागते. आणि हीच डीसी आता आपल्या वितरणजाळ्यात परत येते आहे. एसीला हटवून नव्हे, तिच्या शेजारी: एकाच इमारतीत, एकाच उपकेंद्रात, कधीकधी एकाच केबल-चरात. अशा मिश्र जाळ्यात बिघाड झाला तर तो ओळखायचा कसा, तोडायचा कसा आणि तोडताना धडधाकट भाग चालू ठेवायचा कसा, हा या पुस्तकाचा विषय. त्यावरचे माझे मत आधीच सांगून टाकतो. मिश्र जाळ्यात संरक्षण ही सगळी उभारणी झाल्यावर पॅनेलमध्ये बसवायची वस्तू राहिलेली नाही. कन्व्हर्टर कोणत्या जातीचा, कपॅसिटर केवढा, अर्थिंग कुठे आणि कसे, हे ज्या दिवशी ठरते त्याच दिवशी संरक्षणही ठरून जाते. त्या दिवशी संरक्षण अभियंता खोलीत नसेल, तर पुढे कितीही महाग रिले आणला तरी फारसा उपयोग होत नाही.

डीसी परत का आली, हे थोडक्यात. सार्वजनिक वीजपुरवठ्याच्या आरंभीच्या काळात डीसीच मुख्य होती. 4 सप्टेंबर 1882 रोजी एडिसनचे पर्ल स्ट्रीट वीजकेंद्र न्यूयॉर्कमध्ये सुरू झाले, ते डीसीवर. पण ट्रान्सफॉर्मर फक्त एसीवर चालतो, आणि दूरवर वीज न्यायची तर दाब वाढवावा लागतो, म्हणून पुढची बाजी एसीने मारली. तरीही मॅनहॅटनमधल्या काही जुन्या इमारतींचा डीसी पुरवठा टिकून होता. तिथल्या वीजकंपनीने तो अखेर 14 नोव्हेंबर 2007 रोजी बंद केला. गंमत अशी की तोपर्यंत वारे उलट्या दिशेने वाहू लागले होते. आज पुण्या-नाशिकची कुठलीही नवी गृहनिर्माण सोसायटी पाहा. गच्चीवरचे पॅनेल डीसी बनवतात, इन्व्हर्टर तिची एसी करतो. ती एसी खाली येते आणि लिफ्टच्या ड्राइव्हमध्ये पुन्हा डीसी होऊन मग मोटरसाठी एसी होते. पार्किंगमधली गाडी चार्ज होते डीसीवर. एलईडी दिवे, लॅपटॉप, मोबाइल, बॅटरीचा बॅकअप, सगळे आतून डीसी. दोन्ही टोकांना डीसी आणि मध्ये एसी, आणि प्रत्येक रूपांतरात थोडी वीज उष्णतेत जाते. मग या इमारतीत, या औद्योगिक वसाहतीत, या चार्जिंग स्टेशनात एक सामाईक डीसी बस का नको, असा प्रश्न येणारच.

वितरणाच्या पातळीवरही हे घडते आहे. वेल्समध्ये अँगलसी बेट आणि मुख्य भूमी यांच्यामधली 33 किलोव्होल्टची जुनी एसी जोडणी तिथल्या वितरण कंपनीने ±27 किलोव्होल्ट डीसीवर नेली. तारा त्याच, फक्त दोन टोकांना कन्व्हर्टर; त्यातून वीज अधिक नेता येते आणि किती, कोणत्या दिशेला, हे हातात राहते. आपल्याकडे आयआयटी मद्रासमध्ये प्रा. अशोक झुनझुनवाला यांच्या गटाने 48 व्होल्ट डीसीवर चालणारी घरगुती सौर प्रणाली विकसित केली आणि राजस्थानातल्या वाळवंटी भागात हजारो घरांत ती बसली. भारतीय मानक ब्युरोने 48 व्होल्टच्या वितरणासाठी 2017 मध्ये आयएस 16711 हे मानकही काढले. म्हणजे वरच्या टोकाला किलोव्होल्ट, खालच्या टोकाला 48 व्होल्ट, आणि या दोहोंच्या मधल्या जागेत मिश्र जाळी उभी राहत आहेत. सर्वाधिक गोंधळ याच मधल्या जागेत आहे.

आता बिघाडाकडे येऊ. डीसी बसवर दोन तारा एकमेकींना चिकटल्या, तर पहिल्या मिलिसेकंदात काय होते ते सावकाश पाहण्यासारखे आहे.

समजा 100 किलोवॅटचा कन्व्हर्टर आहे आणि बस 700 व्होल्टची आहे. नेहमीची धारा सुमारे 143 अँपिअर. बसवरचा दाब स्थिर राहावा म्हणून कन्व्हर्टरच्या तोंडाशी 10,000 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आहे. जवळच शॉर्टसर्किट झाले आणि बिघाडाच्या वाटेचे इंडक्टन्स 20 मायक्रोहेन्री आहे असे धरू. गावाच्या धरणात पाणी कितीही असो, घरातली नळी फुटली की आधी रिकामी होते ती गच्चीवरची टाकी; तसाच इथे आधी कपॅसिटर रिकामा होतो. ग्रिडमधून काही यायच्या आत. धारा दर मायक्रोसेकंदाला 35 अँपिअरने चढू लागते. 50 मायक्रोसेकंदांत ती 1,700 अँपिअरच्या वर गेलेली असते, म्हणजे नेहमीच्या बारा पट. तारांचा प्रतिरोध हिशेबातून वगळला तर 0.7 मिलिसेकंदाच्या आसपास ती 15,000 अँपिअरच्या वरचे शिखर गाठते. प्रत्यक्षात प्रतिरोध हे शिखर बरेच खाली आणतो, पण चढाचा वेग तोच राहतो. एसी जाळ्यातला चांगला रिले एवढ्या वेळात मोजमापाची पहिली खिडकीही पुरी करत नाही.

हा झाला पहिला अंक. दुसरा त्याहून वाईट. कपॅसिटरचा दाब शून्यावर आला की केबलच्या इंडक्टन्समध्ये साठलेली ऊर्जा धारा पुढे ढकलत राहते, आणि तिला परतीची वाट मिळते ती कन्व्हर्टरच्या डायोडांमधून. कन्व्हर्टरमधला आयजीबीटी हा स्विच हुशार असतो. आपल्यातून अति धारा जाते आहे असे कळताच तो काही मायक्रोसेकंदांत स्वतःला बंद करून घेतो. पण त्याच्या शेजारी उलट दिशेने जोडलेला डायोड बंद करता येत नाही, त्याला तसा हुकूम देण्याची सोयच नसते. नेमका त्याच्यावर सगळा भार येतो. तिसऱ्या अंकात एसीची बाजू जागी होते. आयजीबीटी बंद असले तरी उरलेले सहा डायोड मिळून साधा रेक्टिफायर बनतो, आणि ग्रिड त्याच्यामार्फत डीसीवरच्या बिघाडाला धारा पुरवू लागते. एसीच्या बाजूने पाहिले तर हा तिन्ही फेजांच्या जवळच्या शॉर्टसर्किटचा बिघाड दिसतो. एसीचा ब्रेकर तो तोडतोही, पण रिलेचा वेळ धरून त्याला काही सायकली लागतात. तेवढा वेळ ते डायोड तगले पाहिजेत.

म्हणजे डीसीवरचा बिघाड तोडण्यासाठी हातात असलेला वेळ मिलिसेकंदांत मोजायचा, आणि त्यातही पहिला मिलिसेकंद सर्वांत मोलाचा. इथपर्यंत बहुतेक जाणकार येतात आणि म्हणतात, मग ब्रेकर वेगवान करा. ते बरोबरच आहे, पण अर्धे. उरलेले अर्धे एसीच्या बाजूला आहे, आणि ते उलटे आहे.

आपले 11 किलोव्होल्टचे फीडर आयडीएमटी रिलेच्या भरवशावर चालतात. धारा जितकी मोठी तितका रिले लवकर ट्रिप होणार, हा त्याचा स्वभाव. प्रमाणित वक्ररेषेवर, वेळेचा गुणक 1 ठेवला, तर सेटिंगच्या दहा पट धारेला तो सुमारे 3 सेकंद घेतो, दुप्पट धारेला 10 सेकंद, आणि 1.2 पट धारेला 38 सेकंदांच्या वर. प्रत्यक्षात गुणक लहान ठेवतात, वेळा कमी होतात, पण प्रमाण तेच राहते. हे सगळे गणित एका गृहीतावर बेतलेले आहे: बिघाड झाला की धारा कित्येक पटींनी वाढते. वीजकेंद्रातले जनित्र ती वाढवून देते, कारण त्याच्यात तांबे-लोखंड आहे आणि फिरत्या वस्तुमानाची ऊर्जा आहे. इन्व्हर्टर देत नाही. त्याच्यातले अर्धवाहक भाजू नयेत म्हणून त्याचे नियंत्रण बिघाडाच्या वेळीही धारा साधारण 1.2 ते 1.5 पटींच्या आत दाबून ठेवते. मुख्य पुरवठा गेला आणि एखादा भाग फक्त बॅटरी व सौर इन्व्हर्टरवर उरला, तर तिथला बिघाड रिलेला थोडा वाढलेला लोड म्हणूनच दिसतो. तो रिले सदोष नसतो. त्याला जे पाहायला शिकवले ते तिथे उरलेलेच नसते.

एकाच जाळ्यात एका बाजूची बिघाडधारा इतकी वेगवान की ब्रेकर पोचत नाही, आणि दुसऱ्या बाजूची इतकी मवाळ की रिलेला दिसत नाही. या दोन बाजू एका कन्व्हर्टरने जोडलेल्या आहेत, आणि एकीकडचा बिघाड दुसरीकडे उमटतो. एसीवर एक फेज जमिनीला लागला तर तिन्ही फेजांचा तोल जातो आणि डीसी बसवर 100 हर्ट्झची थरथर येते. डीसीवरचे एखादे संवेदनशील संरक्षण तीच थरथर बिघाड समजून बसते. एसीची आणि डीसीची तार एकाच चरात असताना त्यांचे आवरण झिजून त्या एकमेकींना लागल्या, तर डीसी धारा एसीच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये शिरते आणि त्याचा गाभा संपृक्त होतो. या शेवटच्या प्रकाराकडे आपण फारच कमी लक्ष देतो, असे मला वाटते. केबल टाकणाऱ्या कंत्राटदाराला दोन चर खणायला सांगणे महागात जाते, म्हणून एकच खणला जातो.

हे प्रश्न नवे वाटतात, पण महाराष्ट्रात त्यांतले काही नव्वद वर्षे रोज सोडवले गेले आहेत. 3 फेब्रुवारी 1925 रोजी मुंबईत व्हीटी ते कुर्ला अशी देशातली पहिली विजेची गाडी धावली, ती 1500 व्होल्ट डीसीवर. तेव्हापासून लोकलच्या वरच्या तारेत डीसी होती. 2012 मध्ये पश्चिम रेल्वेचा, 2015 मध्ये मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गाचा आणि 2016 मध्ये हार्बरचा बदल पूर्ण होऊन 25 किलोव्होल्ट एसी सगळीकडे आली. या संपूर्ण काळात रेल्वेच्या संरक्षण विभागासमोर एक अवघड पेच होता. संध्याकाळच्या गर्दीत एकाच विभागात दोन-तीन गाड्या एकदम सुटल्या की धारा काही हजार अँपिअरवर जाते. उलट उपकेंद्रापासून लांब कुठेतरी तार तुटून रुळावर पडली, तर मधल्या तारेच्या प्रतिरोधामुळे बिघाडाची धारा तेवढीच किंवा त्याहून कमी भरू शकते. मग फक्त धारेच्या आकड्यावर ब्रेकर ठेवला तर एक तर गाड्या सुटताना तो उगाच ट्रिप होणार, नाही तर तुटलेली तार जिवंत राहणार.

यावरचा उपाय म्हणजे धारा किती आहे यापेक्षा ती कशी वाढते आहे हे पाहणे. मोटरमन हँडल पुढे घेतो तेव्हा धारा पायरी-पायरीने चढते. दोष होतो तेव्हा ती एका झेपेत चढते. डीसी कर्षणातले डेल्टा-आय रिले आणि धारेच्या वाढीचा वेग मोजणारे रिले हाच फरक ओळखतात. आज डीसी मायक्रोग्रिडवरच्या शोधनिबंधांत धारेच्या बदलाच्या वेगावर आधारलेले संरक्षण मोठ्या उत्साहाने मांडले जाते. ते योग्यच आहे. पण त्यामागचा अनुभव लोकलच्या उपकेंद्रांत काम केलेल्या माणसांकडे आहे, आणि त्यांतले बरेचजण आता निवृत्त झाले आहेत. तो अनुभव मराठीत लिहून ठेवला जावा, अशी माझी फार इच्छा आहे.

बदलाच्या वर्षांत मुंबईत एसी आणि डीसी शेजारी-शेजारी नांदल्या. दोन्हींवर चालणारे रेक आणि इंजिने होती, आणि दोन प्रणालींच्या सांध्यावर तारेचा एक मृत विभाग असे. तिथे चालकाने इंजिनाचा ब्रेकर उघडायचा, गाडी वेगाच्या जोरावर पलीकडे न्यायची, आणि पलीकडची प्रणाली ओळखून पुन्हा जोडायचे. एसीसाठी जोडलेला ट्रान्सफॉर्मर चुकून डीसीच्या तारेखाली गेला तर त्याच्या वेटोळ्याला डीसीला अडवण्याजोगे जवळजवळ काहीच नसते. मिश्र जाळ्याचा सांधा कुठे आहे, तिथे कोण कधी काय उघडणार, हे काटेकोरपणे ठरवलेले असणे म्हणजे काय, याचा हा उत्तम पाठ होता.

दुसरा पाठ आणखी मोठा आहे, आणि तोही आपल्याच राज्यातला. चंद्रपूर ते पडघे ही ±500 किलोव्होल्टची, 1500 मेगावॅटची आणि सुमारे 752 किलोमीटरची डीसी वाहिनी 1999 मध्ये सुरू झाली. इतक्या लांबीच्या वाहिनीवर वीज पडणे, इन्सुलेटरवरून आर्क पेटून धारा टॉवरमार्गे जमिनीत जाणे, हे व्हायचेच. अशा वेळी डीसी वाहिनीवरचा बिघाड तोडायला ब्रेकर लागत नाही. तिथले कन्व्हर्टर थायरिस्टरचे आहेत. बिघाड दिसताच चंद्रपूरच्या बाजूचे नियंत्रण थायरिस्टर पेटवण्याचा कोन 90 अंशांच्या पलीकडे नेते. वीज पाठवणारे टोक काही क्षण वीज ओढून घेणारे बनते. थायरिस्टरमधून धारा एकाच दिशेने वाहू शकत असल्याने ती शून्यावर येऊन थांबते. आर्कच्या जागची हवा पुन्हा निरोधक व्हावी म्हणून थोडा वेळ थांबायचे, आणि मग वाहिनी पुन्हा उभी करायची. निसर्गाने नाकारलेले शून्य इथे नियंत्रणाने घडवले जाते. संरक्षण कन्व्हर्टरच्या पोटात असते.

वितरणात आज वापरले जाणारे कन्व्हर्टर यापेक्षा कितीतरी चपळ आहेत, दोन्ही दिशांनी वीज नेतात, कमकुवत ग्रिडलाही आधार देतात. पण वर सांगितलेल्या त्या डायोडामुळे जुन्या थायरिस्टरची ही एक देणगी ते गमावून बसले. ती परत मिळवण्याचे मार्ग आहेत. प्रत्येक मॉड्यूलमध्ये दोनऐवजी चार स्विच घालून पूर्ण पूल केला, तर कन्व्हर्टर उलटा दाब देऊन बिघाडाची धारा स्वतःच दाबू शकतो. ट्रान्सफॉर्मर मध्ये ठेवून दोन्ही बाजूंना सक्रिय पूल असलेले डीसी-डीसी कन्व्हर्टर बिघाड एका बाजूलाच अडवून धरू शकतात. यासाठी स्विच जास्त लागतात, रोजची हानी वाढते, किंमत वाढते. खरेदीच्या तक्त्यात हा जास्तीचा खर्च लगेच दिसतो. त्याच्यामुळे वाचणारे ब्रेकर आणि न जळणारे डायोड त्या तक्त्यात नसतात. स्वस्त कन्व्हर्टर घ्यायचा आणि मग संरक्षणाचा पेच ब्रेकरवाल्याच्या गळ्यात मारायचा, ही पद्धत मला मुळातच चुकीची वाटते.

ब्रेकर लागणार नाहीत असे मात्र नाही. कन्व्हर्टरने सगळा डीसी भाग बंद केला तर बिघाड एका केबलमध्ये आणि अंधार साऱ्या बसवर, असे होईल. म्हणून बिघाड झालेला भागच वेगळा काढणारे ब्रेकर हवेत. यांत्रिक ब्रेकर स्वस्त आणि त्याचा रोजचा तोटा नगण्य, पण तो हळू. अर्धवाहकांचा ब्रेकर मायक्रोसेकंदांत तोडतो, पण रोजची धारा त्याच्यातूनच जात असल्याने तो सतत तापतो आणि वीज खातो. म्हणून दोहोंचा संकर: रोज धारा यांत्रिक संपर्कातून जाते; बिघाड होताच ती अर्धवाहकांच्या वाटेवर वळवतात; तेवढ्यात यांत्रिक संपर्क बिनआर्कचा उघडतो; मग अर्धवाहक बंद होतात आणि उरलेली ऊर्जा व्हॅरिस्टर पचवतो. एबीबी कंपनीने 2012 मध्ये उच्चदाबासाठीचा असा ब्रेकर जाहीर केला, 5 मिलिसेकंदांच्या आत तोडणारा. चीनमध्ये झांगबेईच्या चार टोकांच्या ±500 किलोव्होल्ट डीसी जाळ्यात असे ब्रेकर 2020 पासून प्रत्यक्ष कामाला आहेत. तो खर्च तिथे परवडतो. गावच्या फीडरवर किंवा सोसायटीच्या पॅनेलमध्ये तो आज परवडत नाही, आणि तिथे फ्यूज, छोटा रिॲक्टर, कपॅसिटरचा नेमका आकार आणि कन्व्हर्टरची स्वतःची अक्कल यांची मिळूनच मोट बांधावी लागते.

अर्थिंगचा विचार मी मुद्दाम उशिरा घेतो आहे, कारण तिथे सर्वांत जास्त हयगय होते. डीसी बसचा एकही ध्रुव जमिनीला न जोडता ती तरंगती ठेवली, तर पहिला अर्थ-फॉल्ट काहीच करत नाही. धारा वाहत नाही, काही ट्रिप होत नाही, पुरवठा चालू राहतो. हा मोठा फायदा आहे, पण पहिला बिघाड शोधून काढणारे निरोधन-निरीक्षक उपकरण तिथे असेल आणि त्याची सूचना कोणी वाचत असेल तरच. नाही तर दुसरा ध्रुव जमिनीला लागेल त्या दिवशी थेट शॉर्टसर्किट होईल. जमिनीला जोडायचे ठरवले तर गळती धारा सतत वाहून जमिनीतले पाइप आणि सळया खाते. डीसी कर्षणाच्या मार्गांजवळ हा त्रास जगभर ओळखीचा आहे. शिवाय कन्व्हर्टरच्या दोन बाजूंचे अर्थिंग स्वतंत्रपणे ठरवून चालत नाही. मध्ये ट्रान्सफॉर्मर नसेल तर एसीचा न्यूट्रल आणि डीसीचा मध्यबिंदू यांची वाट जमिनीतून जुळते, आणि मग कोणत्या बाजूचा दोष कुठे वाहतो हे कागदावर काढल्याशिवाय कळत नाही.

घरापुरते एक उदाहरण सांगतो. आपल्या बोर्डावरचा अर्थ-लीकेज ब्रेकर, ज्याला आपण अजूनही ईएलसीबी म्हणतो, एका चुंबकीय गाभ्यावर चालतो. जाणारी आणि परत येणारी धारा सारखी नसेल तर गाभ्यात प्रवाह उमटतो आणि तो ट्रिप होतो. गाडीच्या चार्जरमधून किंवा बॅटरीच्या इन्व्हर्टरमधून गुळगुळीत डीसीची गळती 6 मिलिअँपिअरच्या वर गेली, तर हा गाभा हळूहळू संपृक्त होऊ लागतो आणि त्याची संवेदना बोथट होते. मग त्याच सर्किटवर कुणाला एसीचा धक्का बसला, तर जो ब्रेकर जीव वाचवण्यासाठी लावला आहे तो वेळेवर ट्रिप होईलच असे नाही. चाचणीचे बटण दाबून पाहिल्यावर तो ठणठणीत वाटू शकतो, कारण त्या क्षणी डीसीची गळती नसते. म्हणूनच चार्जिंगच्या मानकांत 6 मिलिअँपिअर डीसी ओळखणारी सोय सांगितली आहे, किंवा मग बी प्रकारचा ब्रेकर लावायचा. दुकानात भाव विचारला की बी प्रकार कित्येक पटींनी महाग निघतो, आणि तिथेच निर्णय होतो.

डीसी एमसीबीचेही असेच. त्याच्यात आत एक छोटा कायम चुंबक असतो, तो आर्कला ढकलत धातूच्या पातळ पट्ट्यांच्या चळतीत नेतो. तिथे आर्कचे तुकडे होतात, त्याचा दाब वाढतो आणि धारा शून्यावर येते. पण अनेक डीसी एमसीबींना ध्रुवता असते, त्यांच्यावर अधिक-उणे छापलेले असते. जोडणी उलटी केली तर तोच चुंबक आर्कला चळतीपासून दूर, आतल्या प्लॅस्टिकच्या भिंतीकडे ढकलतो. काचेआडून हे प्रात्यक्षिक पाहिले तर विसरता येत नाही: सरळ जोडणीत एक चटका आणि शांतता, उलट जोडणीत पिवळा-निळा आर्क तसाच उभा, पेटी काळवंडते, मऊ पडते, मग पेटते. गच्चीवरच्या सौर पेट्यांत ही चूक होते. त्याहून मोठी चूक म्हणजे डीसीच्या बाजूला सरळ एसीचा एमसीबी बसवणे, कारण तो हाताशी असतो. पॅनेलच्या साखळीची शॉर्टसर्किट धारा नेहमीच्या धारेहून फार तर पाव पटीने जास्त असते, त्यामुळे फ्यूज उडायचीही आशा नसते. सैल कनेक्टरमधला आर्क तर कुठल्याच ब्रेकरला दिसत नाही. तो ओळखायचा तर आर्क-शोधक उपकरण हवे. आणि दिवसा उजेडी पॅनेल बंद करता येत नाहीत, हे आग विझवायला आलेल्या माणसाला माहीत असायला हवे.

विजेच्या खांबावर चढणाऱ्या माणसाची काळजी याच साखळीतली पुढची कडी आहे. फीडर बंद केला, परमिट घेतले, तरी पलीकडून एखादा इन्व्हर्टर तार जिवंत ठेवू शकतो. ग्रिड गेल्यावर 2 सेकंदांच्या आत इन्व्हर्टरने पुरवठा थांबवायचा हा दंडक त्यासाठीच आहे. पण मिश्र जाळ्याची मोठी कामगिरी म्हणून जी मिरवली जाते ती नेमकी उलटी आहे: ग्रिड गेली तरी स्थानिक भाग स्वतःच्या बॅटरीवर चालू ठेवणे. दोन्ही गोष्टी एका वेळी हव्या असतील तर चालू राहणाऱ्या भागाची सीमा उघड दिसणाऱ्या, कुलूप लावता येणाऱ्या स्विचने तुटलेली असली पाहिजे. सॉफ्टवेअरने बंद केले आहे, एवढ्या आश्वासनावर लाइनमनला वर चढवू नये. या एका मुद्द्यावर मी तडजोडीला तयार नाही.

या विषयातले बरेच प्रश्न अजून सुटलेले नाहीत. उच्च प्रतिरोधाचा डीसी बिघाड, म्हणजे कोरड्या मुरमावर पडलेली तार, खात्रीने ओळखणारी पद्धत सर्वमान्य झालेली नाही. धारेच्या वेगावर चालणारे रिले लांब केबल आणि छोटी केबल यांत गल्लत करतात, कारण इंडक्टन्स बदलले की वेग बदलतो. वायरमनने जोडलेला नवा दहा मीटरचा तुकडाही सेटिंग बिघडवू शकतो. दोन टोकांच्या धारांची तुलना करणारे विभेदक संरक्षण अचूक असते, पण त्याला जलद संपर्कवाहिनी लागते, आणि ती तुटली तर काय, याचे उत्तर आधी लिहून ठेवावे लागते. वेगवेगळ्या कंपन्यांचे कन्व्हर्टर एका बसवर आले की बिघाडाच्या वेळी प्रत्येकजण आपापल्या आतल्या नियमाने वागतो, आणि ते नियम कंपन्या सहसा उघड करत नाहीत. निविदेत त्या वर्तनाचा आलेख मागण्याचा अधिकार ग्राहकाला आहे. तो वापरला जात नाही.

पदविकेचे विद्यार्थी, महावितरणच्या उपविभागातले अभियंते, सौर कंत्राटदार आणि आयटीआयचे निदेशक या सगळ्यांनी हे पुस्तक वाचावे असे मला वाटते. त्यांनी गणिताची प्रकरणे घाईने ओलांडू नयेत. आपल्या हाताखालच्या एखाद्या खऱ्या पॅनेलचा कपॅसिटर, केबलची लांबी आणि फ्यूजचा आकडा घ्यावा, वर मी केला तसा पहिल्या मिलिसेकंदाचा हिशेब करावा, आणि येणारा आकडा पॅनेलवरच्या ब्रेकरच्या पट्टीवर छापलेल्या डीसी तोडण्याच्या क्षमतेशी ताडून पाहावा. ती क्षमता पट्टीवर छापलेलीच नसेल, तर तो ब्रेकर डीसीसाठी बनवलेला नाही असे धरावे आणि तो त्याच दिवशी बदलावा.